चार पानं काढलेला दिवाळी अंक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा सोलापुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे खिळे जुळवायचे. कामगारांच्या सभेची, महागाईविरुद्धच्या मोर्चाची, संपाची पत्रकं तिथे छापली जात आणि चुकलेल्या प्रती घरी येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची आणि छापील बाजू वाचायची. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता येत होता. सात वर्षांची असताना आमच्या पेठेतल्या भिंतींना मी खळ लावली आहे आणि त्यावर 'व्हिएतनाममधून चालते व्हा' असे लाल अक्षरांतले कागद चिकटवले आहेत. तो देश नकाशात कुठे आहे हे माहीत नव्हतं. तिथली माणसं काय खातात हेही कुठल्याच पत्रकात नव्हतं.

बाबांचा एक नियम होता. कागद कितीही लहान असो, त्यात नावं पाहिजेत. खाली छापणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं, आत ज्याच्यावर बेतलं त्याचं. 'एक कामगार जखमी' असं त्यांनी कधी जुळवलं नाही. नाव, खातं, वस्ती सगळं विचारून यायचे. म्हणायचे, "मोठ्यांची नावं दगडात कोरतात. आपल्या माणसांची निदान कागदावर तरी येऊ देत. आणि बिननावाचा कागद म्हणजे निनावी पत्र. ते भित्रे लिहितात." आणीबाणीत एका पत्रकाखाली त्यांचं नाव होतं म्हणून ते चौदा महिने तुरुंगात होते. मला त्या चौदा महिन्यांचा अभिमान वाटायचा. आईला काय वाटायचं ते मी विचारलं नव्हतं.

ही शिदोरी घेऊन मी चौऱ्याऐंशी साली टेक्सासला एम. एस. करायला आले आणि अर्विंगमध्ये मावशीकडे राहिले. मावशी म्हणजे आईची मावसबहीण, मूळची रत्नागिरीची, इथे एका हॉस्पिटलात डॉक्टर. काका इंजिनिअर, नागपूरचे. ते महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी होते आणि मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादकही, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. तेव्हा मराठी टाइप करायची सोय नव्हती. अंक हाताने लिहायचा आणि ऑफसेटवर छापून घ्यायचा. पत्रकं रंगवून रंगवून माझं अक्षर छापल्यासारखं झालं होतं, त्यामुळे मी आले त्याच आठवड्यात काकांनी मला पकडलं.

"यार, देवाने पाठवली हिला," ते मावशीला म्हणाले. "मागच्या वर्षी माझ्या हँडरायटिंगमधला अंक लोकांनी प्रिस्क्रिप्शन समजून फार्मसीत नेला असता."

मावशीच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये एक व्हिएतनामी बाई कामाला होत्या. पन्नाशीच्या, बारीक, ताठ चालणाऱ्या. त्यांच्या देशात त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून मी त्यांना 'बाई' म्हणू लागले. शाळेत आम्ही मास्तरणीला असंच म्हणायचो हे समजावून सांगितल्यावर त्यांना ते आवडलं. आम्ही बोलायचो इंग्रजीत. दोघींचंही शिकून आलेलं, त्यामुळे सावकाश आणि स्वच्छ.

पहिल्यांदा त्या मावशीकडे जेवायला आल्या तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना भिंतीची आणि खळीची गोष्ट सांगितली.

"कुणाच्या बाजूने?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या!"

"माझ्या?" त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "मग माझा नवरा दहा वर्षं कुणाच्या कैदेत आहे?"

त्यांचा नवरा हरलेल्या सरकारच्या नोकरीत होता. युद्ध संपल्यावर त्याला शिबिरात नेलं. तिथून पत्र आलं तर आलं. बाई होडीने निघाल्या, कुठे कुठे अडकून अखेर टेक्सासला पोचल्या. आता त्याला देश सोडायची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. इकडचे कागद झाले होते. तिकडे एक मुलाखत व्हायची होती, आणि त्या मुलाखतीत काहीही कारण काढून नाही म्हणता येत होतं. बाईंचं सगळं आयुष्य त्या एका मुलाखतीकडे तोंड करून बसलं होतं.

मी त्या दिवशी बाईंशी वाद घातला. बॉम्ब कुणी टाकले, पिकांवर विष कुणी फवारलं, हे सगळं त्यांना ऐकवलं. ते खोटं नव्हतं. त्या बॉम्बविरुद्ध लावलेली खळ मी आजही परत घेत नाही. पण शिबिरांबद्दल आमच्या छापखान्यात एकही ओळ जुळवली गेली नव्हती, हेही खरं होतं. शेवटी मावशीच म्हणाली, "आता तिला वरण वाढू दे की भाषणच वाढणार आहेस?"

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरातल्या लाँग वीकेंडला बाईंना समुद्राकाठच्या एका गावी जायचं होतं. त्यांच्या चुलतभावाची तिथे कोळंबीची बोट होती आणि त्याच्याकडे तिकडून नुकताच आलेला एक माणूस उतरला होता. तो त्याच शिबिरात होता. त्याच्याकडे नवऱ्याची बातमी होती. चांगली की वाईट ते भावाने फोनवर सांगितलं नव्हतं. बाईंना शहराबाहेर गाडी चालवायची भीती वाटायची. मावशी म्हणाली, मी नेते. मी म्हटलं, मीही येते आणि दिवाळी अंकासाठी खाण्यापिण्याचा लेख लिहिते. काकांना पानं भरायचीच होती.

बाई म्हणाल्या, "मग नीट जाऊ या. माझा देश उत्तर-दक्षिण लांब आहे. उत्तरेला सुरू करू, दक्षिणेला संपवू."

त्यांनी तीन घरं ठरवली. पहिलं त्यांचं स्वतःचं, कारण त्यांचे आईवडील उत्तरेतले. दुसरं ह्यूस्टनमध्ये मधल्या भागातल्या एका कुटुंबाचं. तिसरं दक्षिणेतल्या त्या भावाचं. एका कागदावर पेन न उचलता त्यांनी आपल्या देशाचा नकाशा काढला, किनाऱ्याच्या सगळ्या वळणांसकट, आणि मला दिला. "वर्गात रोज फळ्यावर काढायची," म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आठला आम्ही त्यांच्या फ्लॅटवर पोचलो. बाथटबमध्ये चार बादल्या होत्या आणि त्यांत बडीशेपेच्या वासाची तुळस, पुदिन्याचे दोन प्रकार आणि कोथिंबिरीसारखा लांब पानांचा पाला वाढत होता. "मग आंघोळ?" मावशीने विचारलं. "पाळीपाळीने," बाई म्हणाल्या. गॅसवर मोठं पातेलं होतं. भाजलेला कांदा, आलं, चक्रीफूल, दालचिनी. रस्सा इतका पातळ की तळ दिसावा, आणि वासाला मात्र आमच्या गरम मसाल्याचा चुलतभाऊ. आमच्यासाठी त्यांनी गोमांसाऐवजी कोंबडी घातली होती. पांढऱ्या चपट्या शेवयांवर तो उकळता ओतायचा, वर पाला चुरडायचा, लिंबू पिळायचं.

मी चमचा उचलला तशी बाईंनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"सगळ्यांत लहान कोण?"

"मी."

"मग तू आधी बोलवायचं. प्रत्येकीला तिच्या नात्याने. मग जेवायचं."

म्हणजे आपल्याकडे यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, ते त्यांच्याकडे सगळ्यांत धाकट्याने म्हणायचं. मी म्हटलं, "मावशी, जेव. बाई, जेवा." मावशी म्हणाली, "घरी एवढी शिस्त दाखवलीस तर मी रोज शेवया करीन."

मग बाईंनी सांगितलं, की मोठ्यांचं नाव घेत नाहीत. काकू, थोरली मावशी, तिसरा मामा असंच. काही घरांत आजोबांच्या नावासारखा शब्द आला तर तोही बदलून बोलतात. मी वहीत लिहून घेतलं आणि लगेच म्हटलं की ही सरंजामी रीत आहे, माणसाला त्याचं नाव असलं पाहिजे.

"आहे की," बाई म्हणाल्या. "फक्त ते वापरून झिजवायचं नाही."

ह्यूस्टनला दुपारी पोचलो. त्या घरात एक आजी होत्या, त्यांची सून होती आणि भिंतीला लागून एक उंच फळी होती. फळीवर गेलेल्यांचे फोटो, समोर भाताची वाटी, संत्री, उदबत्ती. जेवण आधी त्यांना दाखवायचं, उदबत्ती जळून गेली की आपण बसायचं. आमच्या घरी आजोबांच्या श्राद्धाचं जेवायला मी चौदाव्या वर्षी नकार दिला होता. कर्मकांडावरचं एक पत्रक तेव्हा पाठ होतं. इथे मात्र मी उदबत्ती संपेपर्यंत मुकाट बसले. भूक लागली होती हे एक कारण, आणि कुणी मला पाया पड म्हणालं नव्हतं हे दुसरं.

तांदळाचं पीठ लहान लहान बश्यांत वाफवलं होतं. इडलीपेक्षा पातळ, मधे खळगा पडलेलं. त्या खळग्यात वाळवलेल्या कोळंबीचा भुगा आणि वरून माशाचं खारं पाणी. मावशीने पहिली बशी नाकाशी नेली आणि डोळेच मिटले.

"सुकट," ती म्हणाली. "अगं, ही आपली सुकट आहे! दहा वर्षं मी या देशात वास येईल म्हणून आणली नाही, आणि ही बाई खिडक्या उघड्या टाकून खाते."

बाईंनी भाषांतर केलं. आजी हसल्या आणि मावशीपुढे आणखी सहा बश्या सरकवल्या.

मी वही उघडून आजींचं नाव विचारलं. त्या मान हलवून हसल्या. पुन्हा विचारलं. सून म्हणाली, "लिही ना, घरातली आजी." मी बाबांचं ऐकवलं: रांधणाऱ्यांची नावं इतिहासात येत नाहीत, ती आली पाहिजेत. बाईंनी तेही भाषांतर करून सांगितलं. आजींनी थोडा विचार केला आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझ्या इतिहासाला भूक लागली असेल तर त्यालाही बशी देते. नाव नाही."

पण निघताना मी सुनेकडून ते काढलंच, आणि वहीत लिहिलं.

रविवारी सकाळी समुद्राकाठी पोचलो. सपाट, चिकट हवा, खाडीत बोटी, बोटींवर सुकत घातलेली जाळी. मागे काही वर्षांपूर्वी इथल्या गोऱ्या कोळ्यांशी या व्हिएतनामी लोकांची चांगलीच जुंपली होती, आता तणाव कमी होता. बाईंच्या भावाने सकाळचीच कोळंबी आणि मासे काढले होते. चिंचेच्या आंबट पाण्यात मासा, टोमॅटो, अननसाच्या फोडी आणि भेंडी. मावशीने अननसाकडे संशयाने पाहिलं, मग दोनदा मागून घेतलं. "आमच्याकडे कोकम घालतात," तिने भावाला सांगितलं, "पण तुमचंही चुकलेलं नाही."

बाई जेवत नव्हत्या. त्यांनी आमच्या ताटांकडे पाहिलं, मग त्या पाहुण्याकडे. तो चाळिशीचा असावा. साठीचा दिसत होता. त्याने आधी आपलं जेवण संपवलं. कुणी त्याला घाई केली नाही. मग तो बोलायला लागला आणि बाई मधून मधून एखादं वाक्य आम्हाला सांगत राहिल्या. नवरा जिवंत होता. शिबिरातून सुटला होता. एका लहान गावात राहत होता, एक काम करत होता, आणि मुलाखतीची वाट पाहत होता. बाईंची पत्रं त्याला थेट मिळत नव्हती, एका शेजारणीमार्फत मिळत होती, आणि ती कशी, हेही त्याने सांगितलं. शिबिरात रोज काय खायला असायचं ते सांगितलं: एक कंद, उकडलेला, मीठ असलं तर मीठ. त्याने हातानेच आकार दाखवला. आम्ही कळेना म्हटल्यावर भावाने मागच्या वाफ्यातून एक उपटून आणला.

मावशी हळूच म्हणाली, "अगं, हा साबुदाण्याचा कंद."

वर्षानुवर्षं रोज. आम्ही त्याचा साबुदाणा एकादशीला तूप-जिरं घालून खातो.

हे सगळं मी लिहून घेत होते. गावाचं नाव, कामाचं, शेजारणीचं. स्पेलिंग चुकू नये म्हणून पाहुण्याकडूनच वहीत त्यांच्या लिपीत, रोमन अक्षरांवर खुणा देऊन, लिहून घेतलं. आपल्यावर सहीची जबाबदारी असल्यासारखी त्याने ती अक्षरं सावकाश काढली. बाई तेव्हा भावजयीला बिलगून रडत होत्या. त्यांनी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर बाई वेगळ्याच झाल्या. गाडीत गुणगुणत होत्या, खिडकीची काच खालीवर करत होत्या. मावशीलाही चेव आला. तिने त्यांना सांगितलं की आमच्यातही नवऱ्याचं नाव घेत नाहीत; घ्यायचंच तर कवितेत लपवून घ्यायचं, आणि बायकांच्या घोळक्यात घेतल्याशिवाय सुटका नाही. मग स्टिअरिंगवर ताल धरून तिने घेतलं:

"नागपूरचं संत्रं आलं टेक्सासच्या उन्हात,
अमुकराव घोरतात टीव्हीच्या पुढ्यात."

बाई खूप हसल्या. "आता तुम्ही," मावशी म्हणाली. "घ्या नाव! नाही घेतलं तर गाडी इथेच थांबवते." मीही मागून 'घ्या, घ्या' करत होते. उखाण्यांवर मी एकेकाळी चिडून लेख लिहिला होता, पण त्या क्षणी मला तो आठवला नाही.

बाईंनी खिडकीची काच वर केली. मग एक एक शब्द ठेवत म्हणाल्या, "मी दोन वाट्या मांडते. एकीत भात वाढते. दुसरी," आणि त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, "त्याची, रोज पुसून ठेवते."

मावशीने नजर रस्त्यावरच ठेवली. म्हणाली, "यमक नाही जुळलं."

"नाव आलं ना?" बाई म्हणाल्या. "दहा वर्षांत मोठ्याने घेतलं नव्हतं."

घरी येऊन मी दोन आठवडे तो लेख लिहिला. चार पानं. माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं अक्षर त्या पानांवर होतं. बाईंच्या उखाण्याचं यमकही जुळवलं. पहिल्या पानावर बाईंचा नकाशा उतरवला आणि त्यावर ठिपके देऊन गावाचं, नवऱ्याचं, शेजारणीचं नाव त्यांच्याच लिपीत, खुणांसकट काढलं. मला वाटत होतं मी त्यांचा सन्मान करते आहे. बाबांना अभिमान वाटेल असा लेख होता. बाबा आणि त्यांचे मित्र तिकडे व्हिएतनाम मैत्री मंडळ चालवायचे; त्या देशातून कधी सरकारी शिष्टमंडळ आलं की आमच्या घरी चहाला यायचं. त्यांनाही हा लेख दाखवा, असं बाबांना पत्रात लिहून, छापखान्यातून पहिली प्रत हातात आल्या दिवशीच मी ती एअरमेलने सोलापूरला पाठवली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काकांच्या गॅरेजमध्ये अंक जुळवायचा होता. पिंगपाँगच्या टेबलाभोवती पानांचे गठ्ठे मांडलेले. गोल फिरायचं, प्रत्येक गठ्ठ्यावरचं एक पान उचलायचं, शेवटी काका स्टेपल मारणार. दोनशे प्रती. चार-पाच काकू होत्या, चिवडा होता, आणि मावशीने बाईंनाही बोलावलं होतं. अक्षर कळत नसलं तरी पानं क्रमाने उचलायला काय लागतं, आकडे मी खाली इंग्रजीतही टाकले होते.

बाई माझ्या पुढे चालत होत्या. एकतीस नंबरच्या गठ्ठ्याशी त्या थांबल्या आणि मी त्यांच्यावर आदळले.

"पुढे चला ना, ट्रॅफिक जॅम होतोय," काका ओरडले.

बाईंनी पान उचलून उजेडात धरलं. आधी नकाशा ओळखून त्या हसल्या असाव्यात. मला तसं पाठीमागून वाटलं. मग त्यांचं बोट एका ठिपक्यावर गेलं. मग दुसऱ्या.

"हे किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"टू हंड्रेड," काका म्हणाले. "अमेरिकाभर जातात. थोडे पुण्या-मुंबईला."

"तू मला विचारलं नाहीस," बाई मला म्हणाल्या.

"मी तुमचा मान म्हणून..."

"मान तुझ्या पानावर आहे. मुलाखत त्याची आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि ह्या शेजारणीची मुलाखतसुद्धा नाही. तिला नुसतं उचलून नेतील."

काकांना आता कळलं. ते म्हणाले, "अहो, पण मराठी वाचतंय कोण? आमच्या घरात आमच्या मुली वाचत नाहीत! अंकावर सामोसे ठेवतात लोक."

"हे मराठी नाही," बाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळल्या. गाडीत मी त्यांना आमच्या घरी चहाला येणाऱ्या शिष्टमंडळाबद्दल सांगितलं होतं. ते त्यांच्या लक्षात होतं. "तुझ्या वडिलांकडे जाणार आहे हे?"

मी म्हटलं, "काल पोस्टात टाकलं."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही.

काकांनी जाड काळा मार्कर काढला. नावांवर फिरवू, म्हणाले. मी नको म्हटलं. आणीबाणीत बाबांच्या छापखान्यात काळ्या पट्ट्या मारलेली पानं मी पाहिली होती. लोक आधी तीच उजेडात धरून वाचायचे. मी चारही पानांचे गठ्ठे उचलले, मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या शेगडीत घातले आणि मावशीने काडी लावली. बाई शेवटचं पान काळं होईपर्यंत उभ्या होत्या. मग वही मागितली. मी दिली. त्यांनी स्वतः तीन पानं फाडली आणि तीही घातली.

राहिली ती सोलापूरची प्रत. संध्याकाळी आठला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी साडेसहाला, ऑपरेटरमार्फत आमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे फोन लावला. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाबांशी काय बोलायचं ते मी दोन तास जुळवत होते, कारण मला त्यांना सांगायचं होतं की कागदावरचं नाव पुसा, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांनी ते कधी केलं नव्हतं. डॉक्टरांच्या मुलीने धावत जाऊन बोलावलं. बाबा बाहेर गेले होते. फोनवर आई आली.

मी भडाभडा सांगायला लागले. आवाज उलटून येत होता. आईने मधेच विचारलं,

"कुणाचा माणूस आत आहे?"

"एका बाईंचा नवरा. आत नाही आता, पण..."

"त्या आहेत का तिथे?"

"आहेत."

"बरं. टपाल मीच घेते. बघते मी. तू ठेव आता, बिल चढतंय."

बाईंनी विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. "तिला माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी आई चौदा महिने तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी होती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारत होते. आधी नेहमी चौदा महिने बाबांचे असायचे.

अंक वेळेवर निघाला. तिसाव्या पानानंतर एकदम पस्तिसावं होतं. काकांना 'तांत्रिक कारणामुळे' अशी चिठ्ठी घालायची होती. मी म्हटलं ते खोटं आहे, मी लिहिणार नाही. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. अखेर प्रत्येक प्रतीत मी हाताने लिहिलं: 'इथला लेख मी काढला आहे. चूक माझी होती.' आणि खाली माझं पूर्ण नाव. लोक वर्षभर मावशीला विचारत होते की पोरीने असं काय अश्लील लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं. टपाल तिच्याच हातात पडलं होतं. चारही पानं तिने चुलीत घातली. बाबांनी अंक पाहून विचारलं, पानं कुठे? तिने सांगितलं, जाळली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आधी मला वाचून तरी दाखवायची. त्यावर आपण काय उत्तर दिलं ते आईने लिहिलं नव्हतं. पुढे होतं: 'तुझं चिंचेचं सार मात्र जाळण्याआधी उतरवून घेतलं. मासे न घालता केलं. भेंडी विरघळली. किती वेळ ठेवायची ते त्या बाईंना विचार.'

बाईंच्या नवऱ्याची मुलाखत अजून व्हायची आहे. दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा पुढे गेली. म्हणून या लेखात त्यांचं, त्यांच्या नवऱ्याचं, गावाचं, कुणाचंच नाव नाही, आणि काही गोष्टी मी जागच्या हलवल्या आहेत. बाबांना तो निनावी वाटेल. हे लिहून झाल्यावर मी तो बाईंना इंग्रजीत सबंध वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. उखाण्याशी आले तेव्हा त्यांनी हाताने मला पुढे जायला सांगितलं. शेवटी दोनच दुरुस्त्या केल्या. कांदा भाजायचा नाही, थेट जाळावर काळा करायचा. आणि भेंडी सगळ्यांत शेवटी, गॅस बंद करताना.